न मरणाऱ्या शहाण्णव मेंढ्या

सोमवारी पहाटे मला देवळाच्या दारात अडवलं. मला! बासष्ट वर्षांची बाई मी, त्यातली एक्केचाळीस वर्षं रोज चोक्कनाथराच्या नंदादीपाला तूप घेऊन त्याच उंबऱ्यातून आत गेलेली. अंगात ताप असताना गेले, कावेरीला पूर आला तेव्हा गुडघाभर पाण्यातून गेले. नवरा गेला तेव्हा सुतकाचे सोळा दिवस शेजारणीच्या हाती तूप धाडलं, पण दिवा उपाशी ठेवला नाही. आणि कालपरवा नेमलेला खाकीतला तो राखणदार काठी आडवी धरून मला म्हणतो, "भांडं बाहेर ठेवायचं."

"का रे? भांड्यात काय बॉम्ब आहे?"

"साहेबांचा हुकूम आहे."

साहेब म्हणजे करुणाकरन. देवस्थानचा नवा अधिकारी. येऊन तीन महिने झाले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि जिथं जाईल तिथं बोट फिरवून धूळ बघायची सवय. माणूस पैसेखाऊ नव्हता, हे आधीच सांगते, उगाच कुणाच्या नावानं खोटं बोलणार नाही. पण त्याला सगळं चकाचक पाहिजे होतं. पुढच्या पंगुनी महिन्यात कुंभाभिषेक होता, बारा वर्षांनी देवळाची नव्यानं प्रतिष्ठा. गाभाऱ्यातल्या देवाला पलीकडच्या छोट्या खोलीत बालालयात नेऊन ठेवलं होतं, नंदादीपही तिथंच गेला होता, आणि इकडे रंगारी, गवंडी, कंत्राटदार यांची जत्रा भरली होती.

माझा आवाज ऐकून तो आतून आला. "अम्मा, आजपासून तूप आणायचं नाही. एका भक्तानं वर्षभराचे डबे दिलेत. सील केलेले, शुद्ध."

"मग माझं काय अशुद्ध आहे? माझ्या गाई काय गटारातलं पाणी पितात?"

"तसं नाही म्हटलं मी. पण कुणीही यावं आणि काहीही दिव्यात ओतावं, असं आता चालणार नाही."

कुणीही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सार, नंदादीपाला तूप आम्हा कोनार गवळ्यांच्या घरचं जातं. आजपासून नाही. तुमच्या पणजोबाचे पणजोबा पाळण्यात नव्हते तेव्हापासून."

"असं का? मग त्याचा काही कागद असेल."

"आहे की."

"दाखवा."

"चला."

त्याला वाटलं असेल, ही आता कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढणार. मी सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे निघाले. गाभाऱ्याच्या बाहेरून त्या अंगाला वळलं की दक्षिणामूर्तीचा कोनाडा लागतो. त्याच्या खाली डाव्या हाताला, तिसऱ्या थरात एक लांब दगड आहे. लहानपणी माझ्या बापानं माझं बोट धरून मला तिथं नेलं होतं. म्हणाला होता, "सोर्णम, हा आपला दगड. यावर आपल्या मूळपुरुषाचं नाव आहे. राजानं आपल्याला मान दिलाय, तो यावर कोरलाय." बापाला मुलगा नव्हता. मरायच्या आधी त्यानं तुपाचं माप माझ्या हातात दिलं. पितळी उळक्कू, माझ्या मुठीएवढं. त्याच्या भावकीनं तेव्हा फार तोंडं वाकडी केली, पोरीनं काय दिवा लावायचा म्हणून. त्यातला एकही नंतर पहाटे चारला उठून गाय पिळायला आला नाही.

"हा बघा कागद," मी म्हटलं.

करुणाकरननं चष्मा वर केला, खाली केला. वाकून बघितलं. त्याच्या मागे सबेशन गुरुक्कळ उभे होते, आमचे पुजारी, बिचारे भित्रे. कंत्राटदाराचा मुकादमही आला होता. तो खो खो हसायला लागला.

हसण्यासारखंच होतं. दगडावर अक्षर म्हणून दिसत नव्हतं. नुसता काळा, तुळतुळीत, बोटभर जाड थर. आणि तो थर कुणी बसवला? आम्हीच! तूप दिलं की बोटाला लागलेला शेवटचा थेंब आपल्या दगडाला पुसायचा, ही आमच्या घरची रीत. बाप पुसायचा, आजा पुसायचा, त्याचा आजा पुसायचा. मूळपुरुषालाही रोजचं तूप मिळावं म्हणून. त्यावर धूर बसला, कुणी भस्म लावलं, कुणी कुंकू. एक्केचाळीस वर्षं मीही मोठ्या भक्तीनं हात पुसला. आमचं नाव आम्हीच तुपात पुरलं होतं, आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या टाळक्यात शिरलं.

"हा कागद?" करुणाकरन म्हणाला. त्यानं बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. काळंकुट्ट. "ही घाण घालवायलाच मशीन येतंय, अम्मा. गुरुवारी. वाळूचा फवारा मारला की भिंत आरशासारखी होईल."

ते मशीन मी पाहिलं होतं. नदीपलीकडच्या एका देवळात मागल्या साली ते चालवलं होतं. त्याच्या भिंतीवर ढिगानं अक्षरं होती, मी पोरवयात त्यांवरून बोट फिरवत प्रदक्षिणा घालायचे. आता तिथं जाऊन बघा. भिंत गोरीपान झालीय आणि एक अक्षर शिल्लक नाही. म्हणजे गुरुवारी माझा दगड पुसला जाणार, आणि दगड गेला की मी खरंच कुणीही.

"सार, गुरुवारपर्यंत मला वेळ आहे ना?"

"कशाला?"

"तुमचा कागद स्वच्छ करून देते."

तो खांदे उडवून गेला. राखणदारानं तूप आत नेऊ दिलं नाही ते नाहीच. मी ते घरी आणून वेगळ्या भांड्यात काढून ठेवलं. दिव्याचं होतं ते, दिव्याचंच राहणार.

त्याच सकाळी मी पुगळेंदी तमिळय्यांच्या दाराशी गेले. चाळीस वर्षं शाळेत तमिळ शिकवलं त्यांनी, आणि निवृत्तीपासून आमच्या कुंभकोणमच्या देवळादेवळांतून भिंती वाचत हिंडतात. लोक त्यांना वेडा म्हातारा म्हणतात. मीही म्हणायचे. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि आधी मलाच झापलं.

"एक्केचाळीस वर्षं तूप फासलंस? अगं, शिलालेख आहे की दोसा?"

"अय्या, शिव्या नंतर द्या. आधी हे सांगा, थर काढायचा कसा?"

"लोखंड लावायचं नाही. तारेची घासणी नाही, चाकू नाही, ॲसिड तर मुळीच नाही. घरी तुपाचं मडकं कशानं धुतेस?"

"भाताच्या गरम पेजेनं आणि शिकेकाईनं."

"मग मला काय विचारतेस?"

सोमवारी दुपारी बसले ती बुधवारी दुपारी उठले. तूप आत न्यायला बंदी होती, बादलीला नव्हती. गरम पेज ओतायची, शिकेकाई चोळायची, नारळाच्या काथ्यानं घासायचं, बांबूच्या कामटीनं खाचा कोरायच्या. पहिल्या दिवशी नुसतं काळं पाणी वाहिलं. देवळात येणाऱ्या बायका थांबून थांबून बघत. एक म्हणाली, "सोर्णमक्का, घरची भांडी कमी पडली का गं?" मी म्हटलं, "तुझी दे, तीही घासते, तुझ्या सासूनं कधी घासलेली दिसत नाहीत." ती गेली फणकारून. संध्याकाळी तीच पेजेची आणखी एक कळशी आणून मुकाट्यानं ठेवून गेली.

मंगळवारी गुरुक्कळ जवळ आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सोर्णम, डब्यातल्या तुपानं दिवा तडतडतो गं."

"मग साहेबाला सांगा."

"मी कसं सांगू?"

"तोंडानं," मी म्हटलं. ते निघून गेले. देवाशी रोज बोलणारा माणूस, पण साहेबाशी बोलायला त्यांची जीभ उचलत नव्हती. मला राग आला आणि कीवही आली.

बुधवारी दुपारी दगड उघडा पडला. करडा, ओला, आणि त्यावर बारीक बारीक खाचा. मला तर त्या पावसात चिखलावर उमटलेल्या कोंबडीच्या पायांसारख्या दिसल्या. निरोप मिळताच आलेल्या अय्यांनी पिशवीतून काही काढायच्या आत मी घरून आणलेली पुडी सोडली. दाराशी कोलमची रांगोळी काढायचं तांदळाचं पीठ. तळहाताला घेऊन दगडावर हलक्या हातानं चोळलं. पीठ खाचांत बसलं आणि ओळीच्या ओळी पांढऱ्या उठल्या. पाच ओळी. आई गं! मला वाचता येत नव्हतं, ती अक्षरं जुनी, तरी माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अय्या खाली मांडी घालून बसले आणि ओठ हलवत वाचायला लागले. गुरुक्कळ आले. मुकादम आला. कुणी तरी सांगितलं म्हणून करुणाकरनही आला.

"वाचा मोठ्यानं," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू दे राजानं काय मान दिलाय तो."

अय्यांनी घसा साफ केला. "राजा फक्त वरच्या ओळीत आहे, साल सांगायला. हजार वर्षं झाली त्याला. पुढचं ऐक. या देवळात नाचणारी बाई नक्कन पूंगावी, हिनं आपल्या आईच्या नावानं एक नंदादीप लावला. त्यासाठी न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या मेंढ्या शहाण्णव दिल्या. त्या मेंढ्या घेऊन मेंढपाळ कारी सात्तन यानं कबूल केलं, की तो आणि त्याचे वंशज रोज एक उळक्कू तूप चंद्रसूर्य असेपर्यंत आणून घालतील."

"पुढे?"

"एवढंच आहे."

"मान?"

"मान नाही गं. काम आहे."

खरं सांगते, क्षणभर मला भिंतीत तोंड खुपसावंसं वाटलं. राजा नाही, पालखी नाही, मानपान नाही. एका नाचणाऱ्या बाईनं मेंढ्या दिल्या आणि आमच्या मूळपुरुषानं त्या हाकत घरी नेल्या. आणि आम्ही हजार वर्षं कॉलर ताठ करून फिरतोय.

करुणाकरनचा चेहरा खुलला. "म्हणजे हक्क वगैरे काही नाही. चाकरी आहे. चाकरीतून मोकळं केलं तुम्हाला, अम्मा. झालं तर मग. याचा फोटो काढून ठेवू, उद्या मशीन चालू."

आणि त्या 'मोकळं केलं' वर माझं डोकं फिरलं.

"तुम्ही कोण मोकळं करणारे?" मी म्हटलं. "हक्क असता ना सार, तर तुमच्या तोंडावर फेकला असता आणि घरी जाऊन झोपले असते. हा शब्द आहे. आमच्या माणसानं एका बाईला दिलेला. ती येऊन सांगू दे मला, सोर्णम, बास आता. मग सोडते."

"ती येणार कुठून?"

"तेच तर म्हणते मी!"

मुकादम पुन्हा हसला, पण या वेळी माझ्या बाजूनं. ते करुणाकरनला झोंबलं. तो म्हणाला, "ठीक आहे. शब्दाचंच बोलायचं, तर मेंढ्या कुठायत? शहाण्णव मेंढ्या घेतल्या ना तुमच्या माणसानं? न मरणाऱ्या? आणा की मग. शहाण्णव मेंढ्या देवळाच्या दारात उभ्या करा, मोजून घेतो. त्या दिवशी तुमचं तूपही घेतो आणि भिंतीला हातही लावत नाही."

"गुरुक्कळ, ऐकलंत?" मी विचारलं. गुरुक्कळांनी मान खाली घातली, पण हलवली. "अय्या, ऐकलंत?"

"ऐकलं," अय्या म्हणाले.

"उद्या सकाळी, सार. मशीनच्या आधी."

माझ्या घरी दोन गाई आणि एक आंधळं मांजर. मेंढी आमच्या गल्लीत माझ्या आजानंतर कुणी पाळली नाही, हे त्या माणसाला ठाऊक होतं. जाताना अय्यांनी मला विचारलं, "काय बोलून बसलीस? आणि कळलं का तुला न मरणाऱ्या म्हणजे काय ते? मेंढ्या मरतातच गं. पण कळप मरू द्यायचा नाही. एक गेली की तिच्या जागी दुसरी उभी करायची, आकडा कमी होऊ द्यायचा नाही. असा तो करार."

"कळलं," मी म्हटलं. "आता मला जाऊ द्या, उन्हं उतरायच्या आत पोचायचंय."

करुणाकरन शहरातला माणूस. त्याला हे ठाऊक नव्हतं की मासी महिन्यात आमच्याकडे भाताची कापणी संपली की रामनाडकडचे मेंढपाळ शेकड्यांनी मेंढ्या घेऊन उतरतात. मोकळ्या शेतांत कळप बसवतात, शेताला खत होतं, मेंढ्यांना चारा होतो. त्यातला इरुळांडी माझ्या मावशीचा नातू. अरसलार नदीपलीकडे त्याचा तळ पडला होता. मी चालत गेले. तो शेताच्या बांधावर बसून कांदा तोंडी लावत ताक-भात खात होता.

"अक्का! तू इथं?"

"शहाण्णव मेंढ्या पाहिजेत. उद्या सकाळपुरत्या. देवळाच्या दारात."

त्याचा घास तोंडातच राहिला. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे भात संपवला, हात धुतला, आणि म्हणाला, "आणि साहेबानं पोलीस बोलावले तर?"

"तर मला आत टाकतील. आयतं जेवण मिळेल."

"आणि मला?"

"तुलाही मिळेल."

तो हसला. "अक्का, गावातून न्यायच्या म्हणजे माझ्या मेंढ्या कुणाची केळीची पानं खातील, कुणाच्या हारांना तोंड लावतील. शिव्या कोण खाणार?"

"मी खाईन. पोट भरून खाईन."

मग तो एकदम गंभीर झाला. "खरंच लिहिलंय तसं? मेंढपाळाचं नाव? दगडात?"

"कारी सात्तन."

त्यानं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग बायकोला हाक मारून सांगितलं, "उद्या चांगल्या चांगल्या काढायच्या, लंगड्या नकोत."

गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. कळपातून त्यानं शहाण्णव वेगळ्या काढल्या. मेंढीमागे एक चिंचोका बाजूला टाकत तो मोजतो, त्याचा आकडा कधी चुकत नाही. चार दिवसांचं तूप माझ्या डोक्यावर, चार उळक्कू. पूल ओलांडला, भांड्यांच्या गल्लीत शिरलो. दुकानदारांनी फळ्या उघडता उघडता तोंडं उघडी टाकली. कॉफीवाल्यानं गाळणं हातात धरूनच विचारलं, "सोर्णमक्का, हे काय, घरात लग्न आहे का?" मी म्हटलं, "हो, साहेबाचं!" एका मेंढीनं फुलवालीचा मोगऱ्याचा गजरा गिळला आणि मी कबूल केल्याप्रमाणे शिव्या खाल्ल्या. पण ती फुलवालीही शिव्या देत देत मागून आली. बघता बघता अख्खी गल्ली मागून आली.

देवळासमोरचा रस्ता अरुंद आहे, तुम्ही कधी आलात तर बघाल. गोपुराच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत नुसत्या पांढऱ्या पाठी. आणि पिंपळापाशी तो मशीनचा ट्रक येऊन उभा. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मेंढ्या ढिम्म. तिसऱ्यांदा त्यानं दिलाच नाही, उतरून कॉफी प्यायला गेला.

करुणाकरनची स्कूटर ट्रकच्याही मागे अडकली. तो मेंढ्यांमधून वाट काढत आला तेव्हा इस्त्रीच्या विजारीला गुडघ्यापर्यंत लोकर चिकटली होती.

"हे काय चालवलंय?"

"तुम्हीच म्हणालात, सार. आणा म्हणून. मोजून घ्या."

सगळे बघत होते. माणूस मागे हटू शकत नव्हता. त्यानं आपल्या कारकुनाला बोलावलं. दाराबाहेर दोन दगडी खांब आहेत, मधून एका वेळी एकच जनावर जाईल एवढी जागा. इरुळांडी एका अंगानं मेंढ्या सोडायला लागला, कारकून मोठ्यानं मोजायला लागला आणि त्याच्याबरोबर सगळी गल्ली मोजायला लागली. पन्नास. साठ. गुरुक्कळ आतल्या दारात येऊन उभे राहिले. ऐंशी. अय्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. नव्वद. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंचाण्णव.

आणि अलीकडे कुणी उरलं नाही.

इरुळांडीनं चिंचोके हातात घेतले, पुन्हा मोजले. "अक्का, निघताना शहाण्णव होत्या. आईशपथ होत्या." तेवढ्यात गर्दीतून कुणी ओरडलं की पुलाच्या फटीत एका मेंढीचा पाय अडकून मुरगळलाय आणि इरुळांडीची बायको तिला मांडीवर घेऊन बसलीय.

"पंचाण्णव," करुणाकरन म्हणाला. तो मोठ्यानं हसला नाही, तेवढं बरं केलं. "एक कमी आहे, अम्मा. तुमचाच करार. मी काय करू? मेंढ्या हटवा, ट्रकला वाट द्या."

लोकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. हजार वर्षं! आणि एका मेंढीच्या पायापायी? मी डोक्यावरचं तुपाचं भांडं दोन्ही हातांत घेतलं, पदर खोचला, मान खाली घातली आणि त्या दोन खांबांच्या मधून आत गेले. पलीकडे मेंढ्यांच्यात जाऊन उभी राहिले.

"मोज रे," मी कारकुनाला म्हटलं.

त्यानं आधी साहेबाकडे बघितलं.

"मोज! एक गेली की तिच्या जागी दुसरी, असं ठरलंय. भिंतीवर लिहिलंय, तुझा साहेब फोटो काढून ठेवणार होता त्याचा. शहाण्णववी मी. मरत नाही मी आणि म्हातारीही होत नाही. चंद्रसूर्य आहेत तोवर रोज पहाटे इथं येणार आहे. हाकला बघू मला."

कारकून साहेबाकडे न बघता म्हणाला, "शहाण्णव."

मग गल्ली ओरडली, "शहाण्णव!" गजरेवाली तर सगळ्यांत जोरात. त्या गोंगाटात सबेशन गुरुक्कळ पायऱ्या उतरून खाली आले. साहेबाच्या अगदी समोरून आले. हात पुढे केला, आणि मी त्यांचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "सोर्णम, तूप आण लवकर. दिवा मंदावलाय."

करुणाकरननं विजारीची लोकर झटकली आणि मला म्हणाला, "भिंत हातानं धुवायची तर धुवा. पण पूर्ण. चारी बाजूंनी. पंगुनीच्या आत."

"धुतो," मी म्हटलं. मी एकटी नाही, आम्ही, असं म्हणाले, आणि मागे वळून बघायचीही गरज पडली नाही, कारण पेजेची कळशी आणणारी ती बाई मागून म्हणाली, "शिकेकाई माझ्याकडून." ट्रक उलटा फिरवायला ड्रायव्हरला अर्धा तास लागला, मेंढ्या वाट देईनात.

मी बालालयाच्या दारात उभी राहिले. गुरुक्कळांनी चारी उळक्कू एकेक करून ओतले, दिवा शांत झाला, तडतड थांबली. रिकामं माप घेऊन मी सवयीनं दक्षिणेच्या भिंतीकडे आले. बोटाला शेवटचा थेंब होता. दगडावर अजून पीठ होतं, कारी सात्तन लख्ख दिसत होता. हात पुढे गेला आणि अक्षराच्या दोन बोटं अलीकडे थांबला.

तो थेंब मी माझ्या केसांना पुसला आणि मेंढ्या परत न्यायला बाहेर आले.